कापलेल्या कडा

वडील गेल्यावर घर रिकामे करताना त्यांच्या पलंगाची फळी उचलली तेव्हा तिला वाटले, खाली जुनी वर्तमानपत्रे असतील. निघाली सात चित्रे, मध्ये पातळ कागद घालून नीट रचलेली. गुलाबी रंगावर निळा टेबलफॅन, पिवळ्यावर लाल टेलिफोन, एकावर टूथपेस्टची एकच ट्यूब नऊ रंगांत नऊ वेळा. त्या दोन खोल्यांच्या भिंतींना कधीच चहाचा रंग चढला होता. तिथे ही चित्रे अगदी अंगावर आली.

“बाबांच्या कारखान्यातली असणार,” तिचा धाकटा भाऊ पोते बांधता बांधता म्हणाला. वडील स्क्रीन प्रिंटिंग करायचे. “घे तुला हवी तर. संध्याकाळी घरमालकाला किल्ली द्यायचीय.”

ती एकवीस वर्षे तयार कपड्यांच्या कारखान्यात कटर होती. कळकट कड तिला बघवत नसे. चित्रांच्या पांढऱ्या समासावर शाईचे अंगठे होते, पेन्सिलीची गिचमीड होती. मुलीच्या खोलीत लावायला तिने तीन चित्रे निवडली, टेबलावर पट्टी ठेवली आणि समास सरळ कापून टाकले.

“कात्री दिसली की तुझे हात शिवशिवतात, ताई.”

“आणि कचरा दिसला की तुझे. हे पण घाल पोत्यात.”

दुपारी जुन्या वस्तूंचा दुकानदार कपाट बघायला आला. कपाट त्याने पाहिलेच नाही. चित्रांपाशी तो खुर्ची ओढून बसला, चष्मा पुसला, पुन्हा बसवला.

“या चित्रकाराच्या छापांसाठी लोक वर्षानुवर्षे वाट बघतात,” तो म्हणाला. मग जरा अवघडून त्याने विचारले, “तुमच्याकडे कसे आले?”

बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिले नाही. सात छाप नाहीसे झाले म्हणूनच वडिलांना कामावरून काढले होते. “मला दिलेत,” एवढेच ते म्हणाले होते. ज्या थोरल्या काकांनी शब्द टाकून त्यांना तिथे चिकटवले होते, त्यांनी त्या दिवसापासून या घराचा उंबरा ओलांडला नाही.

“छापणाऱ्याला त्याची प्रत द्यायची पद्धत असते,” दुकानदार सांगत होता. “तसे समासात लिहून देतात, संचातल्या एखाद्या चित्रावर. या चारांवर नुसती सही नि प्रतीचा आकडा आहे.” त्याने उरलेली तीन हातात घेतली. “यांच्या कडा कुणी कापल्या?”

तिने वळून दाराकडे पाहिले; पोती तिथे नव्हती.

“पोती कुठायत?” तिने भावाला विचारले.

“खाली अंगणात. टेम्पो येईल इतक्यात.”

दोघे जिना उतरले ते जवळजवळ धावतच. भावाने पहिले पोते सरळ फरशीवर उपडे केले. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, तुटकी चप्पल, तीन वर्षांची कॅलेंडरे. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात, ओल्या चहापत्तीखाली, तिच्या हाताला जाड कागद लागला. ओढणीने पुसत तिने तो उजेडात धरला.

पेन्सिलीचे अक्षर तिरके, घाईचे होते. वर वडिलांचे पूर्ण नाव, मग: *सातही तुझी. तुझा हात नसता तर हे रंग जागेवर बसले नसते.* खाली सही आणि तारीख. वडिलांना काढले त्याच्या आधीच्या महिन्यातली.

भावाने ते दोनदा वाचले. “मग दाखवलं का नाही त्यांनी कुणाला?”

“मी विचारलं होतं एकदा, काही लेखी आहे का म्हणून. म्हणाले, ‘ज्याला माझ्या तोंडचं खरं वाटत नाही, त्याला कागद कशाला दाखवू?’”

“तू विचारलंस तरी.” तो पायरीवर बसला. “मी शाळेत सांगायचो, बाबा बाहेरगावी असतात.”

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला चहापत्ती चिकटली होती, ती शर्टाला लागली.

दुकानदार मागोमाग उतरला होता. कड चिकटवू नका, तो हळूच म्हणाला. कापलेल्या तिन्हींची किंमत आता फारशी येणार नाही, पण या पट्टीमुळे बाकीची चार निर्धास्त घेता येतील.

“चार न्या,” भाऊ म्हणाला. “ती तीन नि ही पट्टी आमच्याकडे राहू दे. चालेल ना, ताई?”

तिने मान हलवली. तोवर त्याने फोन काढून काकांना लावलाही होता.

“काकांना ऐकू येत नाही रे आता. संध्याकाळी जाऊन सांगू.”

“संध्याकाळपर्यंत नाही थांबवत.” तो उठून उभा राहिला. “काका! मी बोलतोय! बाबांनी चोरी केली नव्हती! चोरी! नव्हती केली!”

तळमजल्यावरचे एक दार उघडले, मग वरच्या मजल्यावरची खिडकी. काका काय म्हणाले ते तिला ऐकू आले नाही. भावाने एकदा वर, खिडकीकडे पाहिले, आणि आवाज जराही न उतरवता सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.