हरकतीचं पत्र

माझ्या मुलाचे, ओजसचे डोळे पिवळे दिसले ते आंघोळ घालताना. कावीळ. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पितो?" मी ऐटीत म्हटलं, "फिल्टरचं." "आणि चूळ कशानं भरतो?" चूळ नळाच्या पाण्यानं.

खालच्या मजल्यावरची तीन मुलंही आजारी पडली तेव्हा प्लंबरनं सोसायटीसमोरचा रस्ता खणला. पाण्याच्या पाइपाची गंजून चाळण झाली होती आणि शेजारीच गटाराची लाइन फुटलेली. पूर्ण लाइनच बदलावी लागणार होती.

मी वॉर्ड ऑफिसात गेले. अंबादास नावाच्या इंजिनियरनी फाइल उघडली. "मॅडम, तुमचा रस्ता खाजगी. महापालिकेनं ताब्यात घेतला तरच खालच्या लाइनी आमच्या."

"मग घ्या ना ताब्यात!"

"तीन वर्षांपूर्वी घेतच होतो. तुमच्या सोसायटीनंच हरकत घेतली." त्यांनी पत्र माझ्याकडे वळवलं.

सही आमच्या सेक्रेटरी अण्णांची, वाक्यं माझी. रस्ता महापालिकेचा झाला असता तर रस्त्याच्या मागच्या टोकाचं गेट उघडावं लागलं असतं, आणि मागच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतली माणसं आमच्या दारावरून गेली असती. "उत्तरा, तुझं मराठी चांगलं आहे, तूच लिही," अण्णा म्हणाले होते. ओजस तेव्हा रांगत होता. मी लिहिलं होतं: लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी.

"हरकत मागे घेतल्याचा ठराव आणा, गेट उघडा. लाइनीचं आम्ही बघतो," अंबादास म्हणाले.

रविवारी मीटिंग झाली. मी सगळं सांगितलं.

"गेट उघडलं की वाट लागली," अण्णा म्हणाले. "बाइका, फेरीवाले, कोणीही येईल."

"पत्र तूच लिहिलं होतंस ना गं?" नीलानं विचारलं. तिची स्वरदा आजारी मुलांपैकीच एक.

"हो. चुकलं माझं."

"छान होतं की पत्र!" अण्णा म्हणाले.

ठराव मताला टाकला, तेव्हा माझ्या बाजूनं फक्त प्रीतमचा हात वर आला. तो भाडेकरू, म्हणून धरला नाही.

मागच्या इमारतीला महापालिकेची नवी लाइन आहे. तिथे दर्शना राहते. तिचा प्रबुद्ध ओजसच्या वर्गात. रिकामा कॅन घेऊन मी वळसा घालून तिच्याकडे गेले. पत्राचंही सांगितलं. लपवून पाणी मागवेना.

ती म्हणाली, "माझी सासू डायलिसिसला याच वळशानं जाते. म्हणजे ते तुझं काम होय?"

"दर्शना..."

"आण तो कॅन. ओजससाठी रोज पाच लिटर देईन. त्याचा काय दोष? पण सोसायटीसाठी मागायला आलीस तर दार उघडणार नाही."

कॅन घेऊन परतले तर लिफ्टपाशी नीला उभी. "मागच्या इमारतीतून आणलंस ना? स्वरदापुरतं दे ना गं."

"गेटचा ठराव आला तेव्हा तुझा हात खाली होता."

"ते वेगळं, उत्तरा."

स्वरदा बाटलीचं झाकण उघडून उभी होती. डोळे अजून पिवळे. मी ओतलं. मग तिच्या मजल्यावरची दोन्ही मुलं आपापल्या बाटल्या घेऊन धावत आली. त्यांनाही दिलं.

घरी ओजसचा पेला भरला, दात घासायला तांब्या भरला. कॅन रिकामा. संध्याकाळच्या औषधाची वेळ व्हायची होती, आणि दर्शनाच्या दाराशी पुन्हा जायला मला तोंड नव्हतं.