श्वासापुरता काका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकाचे समोरचे दोन दात काढले, त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. त्यांच्या जागी कवळी बसली होती खरी, पण ट्रंपेट ओठाला लावलं की ती जागची सरकायची आणि सुराऐवजी नुसती हवा बाहेर पडायची. पस्तीस वर्षं जवळ बाळगलेलं वाद्य त्याला ओळख दाखवेना. आणि रविवारी तर रेकॉर्डिंग होतं.

बँड तिघांचाच. कीबोर्ड आणि लॅपटॉप पुतणीकडे. ड्रम वाजवणारा मित्र सलून चालवायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं कात्री. तालमीची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खाली कपडे वाळवायची यंत्रं फिरत आणि वर फरशी सदा कोमट राही. दुपारी तिथे बसलं की आपण जागे आहोत की पेंगतोय, याचा पत्ता लागत नसे.

पुतणी माइक घेऊन गावभर हिंडायची. बसच्या दाराचा सुस्कारा, रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टिकटिक, लिफ्टच्या पोकळीतली घुमघुम, जे कानावर पडेल ते गोळा करायची आणि सावकाश एकमेकांत मिसळायची. शहर झोपेत बोलावं तसं ते ऐकू यायचं. त्या बोलण्यातून वाट काढत काकाचं ट्रंपेट जायचं.

"काका, तू कशाला घाबरतोस?" पुतणी म्हणाली. "तुझे तीनशे बारा सूर आहेत माझ्याकडे. दोन वर्षांच्या तालमींतून एकेक सुटा करून ठेवलाय."

तिने कीबोर्डची एक पट्टी दाबली. काकाचा सूर आला, गोल, भरलेला, कुठे ओरखडा नाही. आपला कोट घालून दुसराच कुणी पुढे चालत निघालाय, असं काकाला वाटलं.

"छान आहे," तो म्हणाला. "मग रविवारी मी येऊन काय करू? चहा आणू?"

"आणलास तर बिनसाखरेचा आण," कात्री म्हणाला.

काका हसला, पण रविवारी यायचं नाही हे त्याच्या मनाने तेवढ्यात ठरवून टाकलं. फक्त ते तोंडाने सांगायचं धाडस होत नव्हतं.

तालीम सुरू झाली. पट्टीवरचं ट्रंपेट वाजलं आणि कात्रीचा ठोका उशिरा आला. पुन्हा उशिरा. तिसऱ्यांदा त्याने काठ्याच खाली ठेवल्या.

"शिरायचं कुठून तेच कळत नाही मला. हा श्वासच घेत नाही!"

"कोण?"

"तुझ्या लॅपटॉपमधला काका."

पुतणी ओशाळली. "प्रत्येक सुराआधी खरखर यायची रे. आठवडाभर बसून साफ केली मी."

"अगं बाई, त्या खरखरीवर तर काठी उचलतो मी!"

दोघांनी काकाकडे पाहिलं.

"काका, माइकसमोर नुसता श्वास घेशील? सूर मी देते."

"म्हणजे मी आता फक्त नाक?"

"नाक म्हण, छाती म्हण. पण ये."

हसावं की रडावं, काकाला कळेना. तरी तो उठला. हातात ट्रंपेट नसेल तर श्वास नीट येत नाही, म्हणून तेही घेतलं. त्याने श्वास घेतला, पुतणीने पट्टी दाबली, आणि कात्री बरोबर जागेवर उतरला. पुन्हा श्वास, पुन्हा सूर. काकाचे डोळे मिटले. खोली मजल्यामागून मजले हळूहळू वर चढते आहे आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी दार उघडून ऐकतं आहे, असं त्याला वाटू लागलं.

आणि मग एक श्वास फार खोल गेला, पार पोटापर्यंत. तो तसाच सोडून देणं काकाला जमलं नाही. ट्रंपेट ओठाच्या कडेला, कवळीला धक्का लागणार नाही असं टेकवून त्याने फुंकलं. अर्धा सूर निघाला, अर्धा वारा. पुतणीचं बोट पट्टीच्या वर अधांतरी राहिलं. कात्री केव्हाच आत शिरला होता.

काकाने खालचे चार सूर वाजवले. तेवढेच येत होते.

"वरचे यायचे नाहीत हं," थांबल्यावर तो म्हणाला.

"नकोत," पुतणी म्हणाली. "रविवारी दहाला ये. आणि तोवर घरी सराव करून हे बिघडवू नकोस."