रंग यायला दहा मिनिटं

सायलीने कागदाची पट्टी कॅनमधल्या पाण्यात बुडवली आणि मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावला. वाल्मीक तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"काय हाय यात?"

"बायोसेन्सर म्हणतात, काका. कागदावर एंझाइम आहे. पाणी चांगलं असलं तर पट्टी निळी होते. फवारणीचं औषध असलं की एंझाइम बंद पडतं, पट्टी पांढरीच राहते."

"रंग आला तर चांगलं? उलटंच हाय की."

बायको धोंडाबाई वारल्यापासून चौदा महिने त्याने विहिरीच्या जाळीला कुलूप लावलं होतं. चारी बाजूंना द्राक्षबागा. फवारणी पाण्यात उतरली आणि त्यानेच ती गेली, अशी त्याची खात्री होती. वस्तीवरच्या बाया तेव्हापासून लांबून पाणी आणत. सायली नाशिकच्या कॉलेजातून पाणी तपासायला येणार, म्हणून आज सकाळी त्याने कुलूप काढून कॅन भरून ठेवला होता.

शेजारची नवसाबाई रिकामा हंडा घेऊन उभी होती.

"भाऊ, निळी झाली तं कुलूप काढाल ना?"

"काढीन. पण व्हायची नाय."

पट्टी पांढरीच राहिली.

"म्हटलं नव्हतं?" वाल्मीक म्हणाला.

सायलीने लगेच वहीत लिहिलं नाही. "एकदा थेट विहिरीतून बघू."

त्याने बादली शेंदून दिली. या वेळी तो पट्टीवरून नजर काढेना. सहाव्या मिनिटाला कडेने निळा रंग चढू लागला.

"पाणी तं एकच हाय," तो म्हणाला.

सायलीने कॅन उचलून तळ पाहिला. "हा कशाचा आहे, काका?"

"औषधाचाच. रिकामा झाला की राखेनं तीनदा घासतो मी. जाड प्लास्टिक, फेकायचं कशाला? दर हंगामाला एक. धोंडा यातच पाणी न्यायची बागेत."

त्याने सायलीच्या हातून कॅन घेतला.

"प्लास्टिकमध्ये मुरतं ते," सायली हळूच म्हणाली. "पण काकूंचं कशानं झालं, ते यावरून नाही सांगता येत."

वाल्मीकने कॅन विसळला, विहिरीचं पाणी भरलं आणि तिसरी पट्टी स्वतः बुडवली. दहा मिनिटं झाली. पट्टी पांढरीच.

"मंग विहीर चांगली ना, भाऊ?" नवसाबाईने विचारलं.

"चांगली." त्याने तिचा हंडा घेतला आणि बादली त्यात ओतली. ओतता ओतता विचारलं, "बागेत पाणी कशात नेते तू?"

"तुमीच दिलेल्या कॅनात की. आमा सगळ्याच जणींना दिलेत ना तुमी."

वाल्मीकने बादली खाली ठेवली आणि सायलीकडे वळला.

"पट्ट्या किती उरल्यात, पोरी?"