ताटातलं नाव

माझ्या बापाची दोन बोटं एका नावापायी गेली. ते नाव मी निवडलं होतं, म्हणून सांगायचं कामही माझ्याच वाट्याला आलं.

तीन वर्षांपूर्वी मी आणि आई जयसिंगपूर सोडून उचगावात राहायला आलो. बापानं, म्हणजे आकारामनं, वरवंटा फेकून आईच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. कारण काय, तर आमटी गार होती. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि आम्ही दोन पिशव्या घेऊन एसटीत बसलो. आईचा हात झोळीत बांधलेला, म्हणून दोन्ही पिशव्या माझ्याकडं. मी एकोणीस वर्षांची होते आणि बापाला ठार मारायचे निदान सात मार्ग माझ्या डोक्यात तयार होते. आई खिडकीतून ऊस बघत होती.

उचगावात आई एका म्हातारीच्या डंकावर कामाला लागली. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. खाली लोखंडी उखळ, वर मोटरीवर चालणारी दोन मुसळं. एक वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं. त्या दोन घावांच्या मध्ये डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळ मिळतो, तेवढ्यात मिरची हलवून हात मागं घ्यायचा. नवीन बाया दांडक्यानं हलवतात. आई आठवड्याभरात हातानं हलवायला लागली. म्हातारीला त्याचं फार कौतुक. मला नव्हतं. समोरच्याचा हात कधी उठतो आणि कधी पडतो हे वीस वर्षं बघितल्यावर कुणाचीही नजर तयार होईल.

म्हातारीचे गुडघे गेले तेव्हा तिनं सगळा डंक आईच्या हवाली केला. पत्र्याची शेड, मोटर, उखळ, तराजू, सगळं. तिच्या वेळी डंकाला नाव नव्हतं, लोक नुसते शाळेमागचा डंक म्हणायचे. पण मला नाव हवं होतं. मी कोल्हापुरात मोबाईलच्या दुकानात काम करते, पाटीवर काय चालतं ते मला कळतं, अशी माझी समजूत होती. मला कांदा-लसूण चटणीची पाकिटं करायची होती आणि त्यावर छापायला झोकदार नाव पाहिजे होतं.

नाव ठरवायला आजऱ्याहून ज्ञानूमामा आला. आईचा धाकटा भाऊ. येताना काजूची पिशवी घेऊन आला आणि बसल्या बसल्या स्वतःच संपवायला लागला.

"त्यात इचार कसला करायचा? धोंडाक्काची चटणी. संपला इषय."

मी इतकी हसले की काजू घशात अडकला. आईचं माहेरचं नाव धोंडुबाई. लग्नात नवऱ्यानं बायकोचं नाव बदलायची आमच्याकडं रीत. ताटात तांदूळ पसरायचे आणि त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. आकारामनं लिहिलं, तेजस्वी. बापानं आयुष्यात केलेली ती एकच चांगली गोष्ट, असं मला तेव्हा वाटायचं.

"मामा, धोंडुबाई वाचून पाकीट उचलंल का कोण? तेजस्वी मसाले. बघ कसं वाटतंय. लाल पाकीट, वर पिवळी अक्षरं."

आई लसूण सोलत होती. "दुसरं काय तरी बघ की," ती म्हणाली.

"का? आधारवर हेच हाय की तुझं."

"तुझं घालूया. शिवानी."

"ढिगानं हाईत शिवान्या. न्हाय चालत."

"मग देवाचं घाल एखाद्या."

"आई, कारण सांग की. तेजस्वीत काय वाईट हाय?"

आईनं हातातली पाकळी तशीच धरून ठेवली. मामा काहीतरी बोलणार होता, पण आईनं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं तोंडात काजू टाकला.

"काय न्हाय," ती म्हणाली. "घाल."

मला वाटलं, मी जिंकले. बाबासो पेंटरनं पत्र्यावर दोन दिवसांत झकास पाटी रंगवून दिली. नारळ फोडला, पाटी लावली आणि मी हौसेनं तिचा फोटो काढून ओळखीतल्या सगळ्यांना पाठवला. फोटो जयसिंगपुरात पोचायला कितीसा वेळ लागणार!

चौथ्या दिवशी बाप आला.

सकाळचे अकरा वाजले होते. एप्रिल म्हणजे चटणीचे दिवस, दारात सात-आठ बाया मिरचीच्या पिशव्या घेऊन नंबर लावून बसलेल्या. मला सुट्टी होती म्हणून मी तराजूवर होते. बाप इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. तो प्यायलेला नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर जो तो सगळं दारूवर ढकलायला बघत होता.

त्यानं पाटी सावकाश वाचली. मग आत येऊन बायांना म्हणाला, "बसा, बसा. घरचाच डंक हाय. मी मालक."

"कोण मालक?" मी पुढं झाले. "निघा हितनं."

त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. खिशातून एक फोटो काढला. त्यांच्या लग्नातला. ताट, तांदूळ, त्याचं बोट, बोटात आताही होती तीच अंगठी, आणि तांदळात उमटलेलं नाव. तो फोटो त्यानं एकेका बाईच्या नाकासमोर धरला.

"हे नाव कुणी लिवलं? म्या. आन् पाटीवर कुठलं हाय? हेच. तीन वर्सं मला वाटलं बायको इसरली. न्हाय इसरली. मी दिल्यालं नाव लावलंया, म्हंजे मला बोलीवलंया. बराबर हाय का न्हाय, मावशी?"

आणि बयाबाईनं मान हलवली. बयाबाई आमची रोजची, आईची मैत्रीण म्हणावी अशी. "नाव लावलंय म्हंजे नातं हायच की," असं ती पुटपुटली. बापाचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. लाल पाकीट, पिवळी अक्षरं! मीच त्याला दार उघडून दिलं होतं.

आई उखळापाशी उभी होती. डंक चालू होता, आत बयाबाईचीच मिरची होती.

"पाटी आज काढतो मी," आई म्हणाली. "तुम्ही जावा."

"काढायची न्हाय."

"माझा डंक हाय."

त्यानं तिच्या कानाखाली वाजवली. तो आवाज मी तीन वर्षांत विसरले नव्हते. आई तराजूवर आपटली, तिचा ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून पदरावर आलं. तो वाकला आणि त्याच जुन्या मोडलेल्या हाडावर त्यानं गुडघा घातला. आई कळवळली. बाया उठून दाराकडं सरकल्या, पण आपापल्या पिशव्या सोडून कुणी गेलं नाही.

मी किलोचं वजन उचललं आणि त्याच्या डोक्यावर नेम धरून फेकलं. ते डोक्यात बसलं असतं तर तो तिथंच मेला असता आणि मला वाईट वाटलं नसतं. पण ते खांद्याला घासून गेलं. त्यानं माझी वेणी धरली, मनगट पिरगाळलं आणि फरफटत मला उखळापाशी नेलं. माझा हात त्यानं काठावर दाबून धरला, बोटं आत. मुसळ खाली येताना त्याचा वारा माझ्या बोटांना लागत होता. तिखट नाकात, डोळ्यांत, घशात. मी किंचाळत होते आणि त्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"बोल, तेजे!" तो ओरडला. "डंक कुणाचा? न्हायतर पोरीचा हात कुटून देतो चटणीत!"

आई उठली. मोटरीचं बटण तिच्यापासून चार पावलांवर होतं. ती बटणाकडं गेली नाही. मिरची हलवायचं बाभळीचं दांडकं भिंतीला टेकवलेलं होतं, ते तिनं उचललं. ती बापाकडंही बघत नव्हती. ती मुसळांकडं बघत होती, रोज बघते तशी. एक वर, एक खाली. एक वर, एक खाली. मग तिनं दांडकं त्याच्या कोपरावर घातलं.

हाड मोडल्याचा आवाज मला डंकाच्या आवाजातूनही आला. माझं मनगट सुटलं, मी मागं पडले. तो पुढं झुकलेला होता, त्याचा तोल गेला, आणि सावरायला त्यानं दुसरा हात टेकला तो थेट उखळात.

पहिल्या घावाला तो ओरडला नाही, नुसता तोंड उघडून राहिला. मग हात ओढायला लागला. आणि आईनं दांडकं त्याच्या मानेवर आडवं टेकवून दाबलं. मुसळ आणखी एकदा आलं. तेव्हा तो ओरडला. तो आवाज शाळेपर्यंत गेला असणार. त्यानंतर आईनं दांडकं खाली ठेवलं, जाऊन बटण बंद केलं आणि पदरानं स्वतःचा ओठ पुसला.

हे मानेवरच्या दांडक्याचं मी पोलिसांना सांगितलं नाही. इथं सांगते. मला त्याची लाज वाटत नाही आणि आईलाही वाटत असावी असं मला वाटत नाही.

अंगठीचं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही गेली. उखळातली मिरची कुठली आणि रक्त कुठलं हे कळत नव्हतं. आईनं त्यातून चपटी झालेली अंगठी शोधून काढली, नळाखाली धुतली आणि रिक्षात घालताना त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात टाकली. "तुमची हाय," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात पोलीस आले तेव्हा आकारामनं सांगितलं की पाय घसरून पडलो, कोपर आपटलं, हात मशिनीत गेला. बायकोनं हात कुटला हे सांगायची लाज वाटली त्याला. वीस वर्षं बायकोला मारलं ते त्यानं चारचौघांत मिरवलं होतं, आणि आता एवढंसं खरं बोलायला त्याची जीभ वळेना! आम्हाला ते सोयीचंच पडलं. तो परत जयसिंगपूरला गेला आणि पुन्हा उचगावात दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं ती मिरची शेडमागं खड्डा काढून पुरली. उखळ घासलं, त्यात खडं मीठ कुटलं, फेकलं, पुन्हा कुटलं, पुन्हा फेकलं. बयाबाईची मिरची वाया गेली होती, तेवढीच नवी ब्याडगी आणून, कुटून तिच्या दारात नेऊन दिली. बयाबाई रडायला लागली. आई म्हणाली, "मीठ कमी हाय, बघून घाल," आणि परत आली. मी त्या बाईला अजून माफ केलेलं नाही.

मग आईनं स्टुलावर चढून पाटी काढली. एका हातानंच, कारण दुसरा खांद्यातून उचलत नव्हता. मी मदतीला गेले तर म्हणाली, "थांब तिथंच." बाबासो पेंटर आला, त्यानं पाटीवर पांढरा हात मारला आणि ब्रश घेऊन उभा राहिला.

"काय लिवू, वैनी?"

"धोंडुबाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"धंद्याचं नाव हाय, वैनी. जरा भारीतलं काय तरी..."

"माझ्या आधी आमच्या आईला दोन पोरं झाली," आई म्हणाली. "दोन्ही पाळण्यातच गेली. मी झालो तवा तिनं माझं नाव धोंडू ठेवलं. यमाला वाटावं, धोंडा हाय, कशाला न्यायचा. मी जगावं म्हणून ठेवल्यालं नाव हाय ते. लिवा."

बाबासोनं ब्रश रंगात बुडवला. लाल रंगात मोठी अक्षरं काढली, खाली बारीक अक्षरात मिरची कांडप. रंग वाळेपर्यंत आम्ही दोघी उंबऱ्यात बसलो. माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे पाच काळे वळ होते आणि ते मी ओढणीखाली झाकले होते.

"आई," मी म्हणाले, "हे मला आदी सांगायचं हुतंस की."

"सांगितलं की," आई म्हणाली. "दुसरं बघ म्हटलं हुतं."

ती उठली, नंबरातली पहिली पिशवी उखळात रिकामी केली आणि बटण दाबलं. मुसळ वर उठलं. मी लांब उंबऱ्यावर होते, तरी माझा हात मागं गेला.