मुठीतला चुना

या, जरा पुढं सरकून बसा, कीर्तनाला बसतो तसं, मांडीला मांडी लावून. एका भिंतीची गोष्ट सांगतो. फार लांबण लावणार नाही, बुवा पागोटं सारखं करेपर्यंत संपेल.

साळूबाईनं घमेल्यातला चुना मुठीत दाबला, मूठ उघडली आणि परांचीकडं वर पाहिलं. तीस वर्षांचा रिवाज होता तो. वरून तिचा नवरा सयाजी गवंडी विचारायचा, "साळू, कसं हाय?" तळहातावरचा गोळा फुटला नाही की ती म्हणायची, "झालं." मगच थापी भिंतीला लागायची.

आज सयाजीनं विचारलं, "बाई, झालं का?"

बाई म्हणजे सांगलीहून आलेली प्रियदर्शनी. आर्किटेक्ट, पंचविशीची. तिनं आधी घड्याळात पाहिलं, मग वहीत.

"झालं, मामा. घ्या."

साळूबाईनं मूठ पदराला पुसली.

पाचगणीतली ती बंगली जुन्या विटांची. हातभर जाडीची भरीव भिंत पावसाळाभर पाणी प्यायची आणि हिवाळाभर तो गारठा खोलीत सोडायची. मालक तात्यासाहेबांच्या पत्नी चंपाबाईंना संधिवात. थर्माकोल ठोकून वर सिमेंट मारायचं जवळजवळ ठरलं होतं. प्रियदर्शनीनं ते थांबवलं. सिमेंटनं ओल आतच कोंडेल, म्हणाली. त्यापेक्षा चुन्यात भाताचं तूस कालवून आतून जाड गिलावा करू, भिंत कोरडी राहील आणि ऊबही धरेल. तात्यासाहेबांनी एका कोपऱ्यात नमुना करायला सांगितला होता. तो टिकला तर काम यांचं, नाहीतर थर्माकोलवाल्याचं.

प्रियदर्शनी पोत्यातलं तूस मापून चुन्यात ओतत होती. कोरडंच. साळूबाईचा हात थबकला. कोरडं तूस चुन्यातलं सगळं पाणी ओढून घेतं, मग गिलावा धरत नाही. कोरेगावच्या घराच्या भिंती लिंपताना ती ते कधीच शिकली होती. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात वरून सयाजी म्हणाला, "पोरगी लय हुशार हाय, साळू. शीक जरा तिच्याकडनं."

साळूबाईनं तोंड मिटलं.

दुपारी भाकरी सोडताना ती एवढंच म्हणाली, "आवं, तुमची बाई घड्याळ बघून चुना कालवती. भूक तरी घड्याळाबिगर लागती का तिला?"

सयाजी हसला. "जळतीस व्हय?"

"मी कशाला जळू? चुना हाय का मी?"

चौथ्या दिवशी तात्यासाहेबांनी नमुन्यावर बोट टेकवलं आणि गिलावा भुगा होऊन खाली आला. प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. ती काही बोलणार तोच सयाजी पुढं झाला.

"माजी चूक, सायेब. पानी कमी मारलं मी."

साळूबाई बघतच राहिली. कवठे महांकाळला टाकी गळली तेव्हा ह्याच माणसानं चार लोकांत तिच्याकडं बोट दाखवलं होतं. तिची चूक त्यानं कधी अंगावर घेतली नव्हती. आणि ही कोण कुठली!

"आणखी एकदाच बघतो," तात्यासाहेब म्हणाले. "मग थर्माकोलवाला."

घमेली धुवायला साळूबाई टाकीमागं गेली. तिथं प्रियदर्शनी पुन्हा पुन्हा तोंड धूत होती. बोटांची कातडी चुन्यानं सोलवटली होती. पहिल्या वर्षी साळूबाईचे हात असेच झाले होते, आणि तिला तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. ती आली तशी मागं फिरली.

संध्याकाळी एसटी धरायला निघताना साळूबाई सयाजीला म्हणाली, "तुमी व्हा फुडं. डबा राह्यला माजा."

सकाळी प्रियदर्शनी चुन्याच्या निवळीनं भरलेल्या पिंपापाशी उभी होती. आत तुसाचं पोतं बुडवलेलं, तोंड बांधलेलं.

"मामा, तूस तुम्ही भिजवून ठेवलंत? मला सुचलंच नाही!"

सयाजीनं पोत्याच्या गाठीकडं पाहिलं. तसलीच गाठ तो तीस वर्षं भाकरीच्या फडक्याची सोडत आला होता.

"व्हय," तो म्हणाला आणि परांचीवर चढला.

प्रियदर्शनी गाठ सोडायला वाकली. पोतं हिरव्या काठाच्या चिंधीनं बांधलं होतं. तिनं चिंधी हातात धरली. मग तिची नजर साळूबाईच्या पदराकडं गेली, काठ फाटला होता तिथं. साळूबाईनं पदर खोचून घेतला.

चुना कालवून झाला. वरून हाक आली, "बाई, झालं का?"

प्रियदर्शनीनं मनगट उचललं, पुन्हा खाली केलं. मग घमेलं हळूच साळूबाईपुढं सरकवलं.

साळूबाईनं तिला जरा ताटकळू दिलं. मग मूठभर चुना घेतला, दाबला, मूठ उघडली.

"आजून न्हाई," ती म्हणाली. "दोन ओंजळी पानी घाल. आन् हाताला खोबऱ्याचं त्याल लाव आधी, येडे."

परांचीवर थापी थांबली होती. साळूबाईनं वर पाहिलं नाही.

आता हिवाळ्यात चंपाबाई त्याच भिंतीला पाठ टेकून बसतात आणि आल्यागेल्याला सयाजीच्या हाताचं कौतुक सांगतात. तुमचा कधी तिकडं जायचा योग आला, भिंतीला तळहात लावलात आणि ऊब लागली, तर मनातल्या मनात तेवढं साळूबाईचं नाव घ्या.