पानसुपारीच्या वेळचं पाणी

गावच्या कमिटीच्या सभेत कोणतं काम आधी घ्यायचं आणि कोणतं नंतर, त्याची याद मी करतो. कारकुनाचा अधिकार तेवढाच, आणि आता त्याचाही वीट आलाय.

बाळकुमच्या कोळीवाड्यातली विहीर खाडीमुळे खारी झालीय. नवी विहीर खणायचं काम वरच्यांच्या हुकमानं कायम यादीत शेवटी. गव्हर्नरसाहेबांच्या स्वागताच्या कमानीवर वाद घालता घालता दिवेलागण होते, आणि मंडळी पागोटी सावरत घरी जातात.

या खेपेला मी हट्टानं विहीर पहिली घातली. पण आमच्याकडे सभेला आधी पोचणं म्हणजे कमीपणा. इनामदार आले का, हे बघायला शेठजी गडी पाठवतात. शेठजी निघाले का, हे बघायला इनामदार. वेळेवर दुसरेच दोन सभासद आले. दोघांत ठराव होत नाही, म्हणून विहीर तहकूब झाली. मग बाकीचे आले आणि कमानीवर भांडू लागले.

कोळीवाड्यातली शेवंती दर सभेला ओटीखाली त्या खाऱ्या विहिरीच्या पाण्याचा हंडा घेऊन बसते. तिला मी सगळं सांगितलं.

"पहिली होती तवा कोनी आलं नाय, शेवटी असली का कोनी उरत नाय," ती म्हणाली. "मधी काय असतं, भाऊ?"

"मधे पानसुपारी. आणि पाणी."

तिनं हंडा माझ्याकडे सरकवला. "मंग ह्याच द्या."

ते पाणी कुणाच्या घशाखाली उतरणार नाही. पण थुंकायला तरी सगळे जागेवर असतील.

मी हंडा आत घेतला.