चकल्यांच्या दिवशी काढलेला अलार्म

मित्रांनो, मी एक जुनी फर्नेस आहे. अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, पाणी तापवायच्या टाकीशेजारी माझा मुक्काम. गॅसवर हवा तापवायची आणि पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत पाठवायची, हे माझं काम. दिसायला मी काही देखणी नाही. पाहुण्यांना घर दाखवताना मला कोणी दाखवत नाही. पण बाहेर बर्फ पडत असताना वरची मंडळी मोजे न घालता फिरतात ना, ती माझ्या जिवावर.

कारखान्यात माझे पत्रे ठोकले, पोटात पंखा बसवला आणि ट्रकमधून मला इथे आणलं. आधीच्या मालकांनी माझ्याकडे कधी नीट पाहिलंही नाही. मग यतीन आणि सुमेधा हे नागपूरचं जोडपं राहायला आलं. उन्हाळाभर तेही मला विसरतात, खोटं कशाला बोलू? भारतात न्यायच्या मोठ्या बॅगा, गणपतीचं मखर, तांदळाची पोती, सगळं माझ्यासमोर रचलेलं असतं. माझा अगदी जीव गुदमरतो.

पण झाडांची पानं पिवळी पडू लागली की सुमेधा खाली येते. तिचं मला फार कौतुक वाटतं. ऑफिसात एवढ्या मोठ्या हुद्द्यावर, तरी बाह्या सरसावून बॅगा स्वतः ओढते. हवा गाळणारा माझा फिल्टर बदलते. जुन्यावर वर्षभराच्या फोडण्या आणि उदबत्त्या बसलेल्या असतात. तो बघून नाक मुरडते आणि मला म्हणते, "सॉरी हं बाई!" मग वर जाऊन, गरम हवा येते त्या जमिनीतल्या झडपांवर कोणी सतरंजी पसरली असेल तर ती उचलते. माणसांचीसुद्धा इतकी विचारपूस कोणी करत नाही.

यंदा यतीनची आई, कांचनताई, पहिल्यांदाच इथे हिवाळा काढायला आल्या. आल्या आल्या त्यांनी दिवाळीच्या चकल्या तळायला घेतल्या. तळणाचा धूर झाला आणि भिंतीवरचा अलार्म किंचाळू लागला. हा अलार्म धूर ओळखतो, आणि माझ्यासारखी भट्टी बिघडली की पसरणारा, वास नसलेला विषारी वायूही ओळखतो. यतीनने तो उतरवला, बॅटरी काढली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. आपल्या लोकांच्या घरी हे नेहमीचंच. चकल्या डब्यात गेल्या, अलार्म ड्रॉवरमध्येच राहिला.

त्याच आठवड्यात थंडी पडली. नळ्यांतून मला वरचं सगळं ऐकू येतं.

"हीट ऑन करतो यार. आई गारठलीय," यतीन म्हणाला.

"फिल्टर चेंज केलाय मी. पण अलार्म कुठाय?" सुमेधाने विचारलं.

"ड्रॉवरमध्ये. नंतर लावू ना!"

"नाही. आधी अलार्म, मग हीट."

यतीन कुरकुरला, पण खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बॅटरी घालून अलार्म परत भिंतीवर बसला आणि मी पेटले. इतक्या महिन्यांनी काम मिळालं, मी खूश होते. थोड्या वेळाने अलार्म वर किंचाळू लागला.

"झालं! आई, परत तुझ्या चकल्या," यतीन हसला.

"अरे, आज तर मी गॅसही पेटवला नाही," कांचनताई म्हणाल्या.

वर एक खुर्ची धाडकन मागे सरकली. मग सुमेधा ओरडली, "आई, उठा! शाल राहू द्या, आधी बाहेर चला. यतीन, बाहेर जाऊन नाइन वन वन कॉल कर!"

अग्निशामक दलाची माणसं आली. त्यांनी मला बंद केलं. उन्हाळ्यात छपरावरच्या माझ्या धुराड्यात पक्ष्यांनी घरटं बांधलं होतं. त्या बिनवासाच्या विषारी वायूला वर जायला वाट नव्हती, तो घरातच पसरत होता आणि मला पत्ताही नव्हता! कांचनताई माझ्या उबेत शांत झोपी गेल्या असत्या आणि सकाळी उठल्या नसत्या. त्या विचाराने अजूनही माझे पत्रे थरथरतात.

धुराडं साफ झालं, त्यावर जाळी बसली, तपासणी होऊन मी पुन्हा सुरू झाले. आता शिव्या खाव्या लागणार, असं मला वाटलं होतं. पण कांचनताई सुनेचा हात धरून जिना उतरल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"हिचा काय दोष?" त्या म्हणाल्या. "पण सुमेधा, तू हट्ट धरलास म्हणून मी आहे गं."

 सुमेधाने त्यांना घट्ट मिठी मारली.

मित्रांनो, खुशाल चकल्या तळा. अलार्म ओरडला तर खिडक्या उघडा, आणि उतरवलाच, तर पहिली चकली तोंडात टाकायच्या आधी परत लावा. माझ्या श्वासात विष असलं तर ते मला कळत नाही. आणि कळलं, तरी तुम्हाला हाक मारायला मला आवाज नाही.